कळपाच्या वहीतला दिवस

“मी जन्मले कधी?”

पानांबीने हे विचारलं तेव्हा ती अंगणात स्टुलावर उभी होती, अंगात अर्धवट शिवलेला पिवळा झगा होता आणि कमरेभोवती ग्रिसेल्दा मावशीने खोचलेल्या तेवीस टाचण्या होत्या. म्हणजे प्रश्न विचारून पळ काढायची काही सोय नव्हती. तिने वेळ मुद्दामच अशी निवडली होती. पळता आलं असतं तर ती नक्की पळाली असती, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

पैज तिच्या मैत्रिणीने, हास्मिनने लावली होती. शुक्रवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या भिंतीवर सगळ्यांच्या वाढदिवसांचा तक्ता लागला आणि एकट्या पानांबीच्या नावापुढे काहीच नव्हतं. हास्मिन कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “अगं बाई, पंधरावा वाढदिवस करणार, झगा शिवणार, माझ्या चुलतभावाला नाचायला लावणार, आणि तारीख कुठाय? रविवारपर्यंत घरी विचार. नाहीतर सोमवारी झेंड्यापुढे उभी राहून कोंबड्यासारखी आरव!” आणि पानांबीने फटकन हात पुढे केला होता. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी वर्गात स्वतःच्याच बाटलीतलं पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायची.

आता प्रश्न ऐकून अंगणातली कामं अडखळली. आज्जी, म्हणजे दोन्या हिलारिया, चिपाचं, म्हणजे चीज घातलेल्या पावाचं, पीठ मळत होती, तिचे हात कोपरापर्यंत पिठात तसेच राहिले. आई खलबत्त्यात तेरेरेच्या थंड काढ्यासाठी पुदिना कुटत होती, तो ठोका चुकला. पापा मातीच्या भट्टीत लाकडं सारत होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

“अहो, कुणीतरी बोला की,” पानांबी म्हणाली. “एवढा काही अवघड प्रश्न नाहीये. शेजारच्या फातिमाच्या कुत्रीलासुद्धा जन्मतारीख आहे. सोळा मे.”

मावशीच्या तोंडात दोन टाचण्या होत्या, तरी ती फसकन हसली. हसून झाल्यावर तिने त्या काढून हातात घेतल्या आणि बहिणीकडे पाहिलं. “सांग ना निमिया. मीही ऐकते. मी झगा शिवतेय तो कुठल्या दिवसासाठी, ते मला तरी कळू दे.”

“डिसेंबर असेल,” आई म्हणाली. “गरमी होती, डिसेंबरात असते तशी.”

“जानेवारी,” पापा भट्टीकडेच तोंड करून म्हणाले. “मला विहिरीच्या कामावर निरोप आला होता. तिसऱ्या दिवशी.”

“वा!” आज्जी म्हणाली. “एकाच लेकराचे आईबाप, आणि महिने दोन.”

पण चिडून उपयोग नव्हता, आणि हे आज्जीलाही माहीत होतं. कळपात, म्हणजे ती तिघं दोन वर्षांपूर्वीपर्यंत राहत होती त्या पंथात, दिवस मोजायचे नसतात. दिवस पंथप्रमुखाचे, थोरल्या बंधूंचे. त्या वसाहतीच्या कुंपणाआड कॅलेंडर नव्हतं, घड्याळ नव्हतं, फक्त घंटा होती. जन्म एका वहीत लिहिले जायचे आणि ती वही थोरल्या बंधूंच्या खोलीत, कुलपात. पंधरावं लागेपर्यंत मुलीला नावही नसे. सगळ्या जणी ‘लहान बहीण’. मुलींच्या घरात अकरा जणी एका खोलीत झोपायच्या आणि कुणी ‘लहान बहीण’ म्हणून हाक मारली की अकराच्या अकरा उठून उभ्या राहायच्या. मग सप्टेंबरात ओढ्यावर ‘धुणं’ व्हायचं. पांढऱ्या कपड्यातल्या एकेका मुलीला पाण्यात तीनदा बुडवायचे, थोरले बंधू वही उघडून तिचा दिवस वाचायचे, तिला नाव द्यायचे, आणि पुढच्या धुण्याच्या आत ते नाव कुठल्यातरी घरी नांदायला गेलेलं असायचं.

पानांबी हे नाव वहीतलं नव्हतं. अंथरुणात, तोंड कानाला लावून, आईने ग्वारानीत ठेवलेलं ते नाव. ग्वारानी बोलायचीही तिथे बंदी होती. बारा वर्षं ते नाव फक्त एका कानात राहिलं. आणि बारा पुरी झाल्यावर ‘आता हिला मुलींच्या घरात हलवा’ असा निरोप आला तेव्हा आईने तिचा हात धरला आणि दुधाच्या गाडीत बसून ती आज्जीच्या दारात येऊन उभी राहिली. पापा अकरा दिवसांनी आले. पायी. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आज्जीने विचारलं नाही, नुसतं ताट वाढलं. त्या दिवशी ते ताटापुढे अर्धा तास हात जोडून बसून राहिले होते. शेवटी आज्जीच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, “खा रे बाबा.” तेव्हा कुठे त्यांनी घास घेतला. अजूनही तसंच चालतं. रोज आज्जी “खा रे” म्हणते आणि पापा जेवतात. शेजारच्यांना वाटतं सासू जावयाचे लाड करते.

“हे चीज कुठलं?”

आज्जीने पिठातून चीजचा एक तुकडा वर काढला होता आणि उन्हात धरला होता. त्याच्या पाठीवर कापडाच्या विणीचा ठसा होता, माशाच्या काट्यासारखा तिरपा तिरपा. पानांबीने कळपात ते कापड इतक्या वेळा धुतलं होतं, पिळलं होतं, वाळत घातलं होतं, की स्टुलावरूनही तिने तो ठसा ओळखला. 

“बाजारातलं,” पापा म्हणाले.

“बाजारात कुणाकडचं, आर्सेनियो?”

“त्यांच्या गाड्यावरचं. शनिवारी येतात. चांगलं असतं.”

“चांगलं असतं!” मावशीने टाचण्यांची डबी आपटली. “दोन वर्षं मी त्या गाड्याच्या बाजूने जात नाही, समोरून वळून जाते, आणि तुम्ही त्यांचं चीज माझ्या आईच्या पिठात कालवताय?”

“इसाबेलिनो होता गाड्यावर.” पापांचा आवाज खाली गेला. इसाबेलिनो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो आतच राहिला होता. “माझ्याशी बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याने हे दिलं.”

खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. कुणाच्या हातात द्यावा ते त्यांना कळेना. आज्जीचे हात पिठात, मावशीचा हात त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला, आणि आई तर हात मागे घेऊन बसली होती. मग पानांबीनेच स्टुलावरून हात लांबवला.

“द्या, मी वाचते. माझ्याबद्दलच असणार.”

तिच्याबद्दलच होतं. अक्षर सुबक, गोल. *लहान बहिणीचा दिवस आमच्या वहीत सुरक्षित आहे. सप्टेंबरच्या धुण्याला तिला घेऊन या. तीन दिवस पुरेत. विधी झाला की वहीतल्या पानाचा दाखला शिक्क्यासह देऊ. दार उघडं आहे.* तिने ते मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचावा तसं, प्रत्येक शब्द स्वच्छ. तीन दिवसांनी दार तसंच उघडं राहील की नाही, याबद्दल त्यात एकही शब्द नव्हता.

“फाडून टाक,” मावशी म्हणाली.

“थांब,” आज्जी म्हणाली.

पानांबीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आज्जीने हात झटकले, कमरेच्या फडक्याला पुसले आणि बाकावर बसली. “नोंदणी कचेरीतून आपल्याला तीन वेळा परत पाठवलंय. तारीख नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर ओळखपत्र नाही. ऑक्टोबरच्या शेवटी शाळेला क्रमांक हवा. नाही दिला तर नववीचं प्रमाणपत्र नाही, पुढे प्रवेश नाही. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या आहेत म्हणून दोन वर्षं नुसत्या शब्दावर बसवलं हिला. तीन दिवस जायचं, पाण्यात डुबकी मारायची, कागद घ्यायचा, परत यायचं. मी स्वतः कुंपणाबाहेर बसून राहीन.”

“आई! तू?” मावशी ओरडली. “तूच त्यांना सापाची औलाद म्हणायचीस!”

“म्हणते अजून. पण शिक्का सापाचा असला तरी कचेरीत चालतो.”

“आणि परत सोडलं नाही तर? रोसालबाची पोर गेली होती आजीला भेटायला, आठवतंय ना? पाच दिवसांसाठी! आज तिला दोन मुलं आहेत.”

“तिचा बाप बरोबर नव्हता,” पापा म्हणाले. “मी असेन.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “भावजी, तुम्हाला कुणी ‘खा’ म्हटल्याशिवाय तुम्ही जेवत नाही. तुम्ही थोरल्या बंधूंपुढे उभे राहून ‘सोड माझ्या पोरीला’ म्हणणार?”

ते फार लागलं. पानांबीलाही लागलं, खरं होतं म्हणून जास्त. पापांनी एक लाकूड उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

आईने तेवढ्यात शिंगाच्या पेल्यात येर्बाची वाळकी पानं भरली, थंड पाणी ओतलं आणि तेरेरेची पहिली फेरी सुरू केली. भांडणात तिला नेहमी हेच सुचतं. पहिलं शिंग आज्जीला, मग मावशीला, मग स्टुलावर पानांबीला. चौथं पापांना. त्यांनी नळीतून एक घोट घेतला, शिंग परत दिलं आणि म्हणाले, “ग्रासियास.”

सगळ्या जणींनी वर पाहिलं.

नवीन आली तेव्हा पानांबीनेही पहिल्याच घोटाला असे आभार मानले होते, कारण कळपात प्रत्येक गोष्टीचे आभार मानायचे असतात, पाण्याचे, मिठाचे, चपराकीचेसुद्धा. आणि मग दुपारभर शिंग तिला वगळून फिरत राहिलं होतं. ती तहानेने रडकुंडीला आली तेव्हा मावशीने हसत हसत सांगितलं, “वेडे, आभार मानले म्हणजे तुझं पुरे झालं! मी फेरीतून उठले, असा त्याचा अर्थ.” पण पापा तर या गावातच जन्मले होते. शिंग धरता येण्याआधी त्यांना ही रीत ठाऊक असणार. ते चुकले नव्हते.

“आर्सेनियो,” आई म्हणाली.

“बस झालं मला.”

“तेरेरे?”

 त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. “इथे सकाळी जाग येते आणि आता काय करायचं ते कळत नाही. तिथे मी घंटा वाजवायचो, निमिया. बावीस वर्षं. मी वाजवली की चारशे माणसं उठायची. इथे लोक मला विचारतात, ‘तुम्हाला काय आवडतं, आर्सेनियो?’ मला काय माहीत!” त्यांनी पानांबीकडे पाहिलं, पहिल्यांदाच. “मी तुला तिथे सोडायला नेत नाहीये. खरंच नाही. तुला कागद मिळेल. आणि मला माझा भाऊ तीन दिवस भेटेल. एवढंच.”

पानांबीला रागवायचं होतं, पण रागवता येईना. ती स्टुलावरून उतरली. टाचण्या टोचल्या. टोचू देत. तिने आईकडे पाहिलं, कारण आता आई बोलेल, आई तरी नक्की नाही म्हणेल.

आई म्हणाली, “मला तो दिवस हवाय.”

“आई?”

“मला तो दिवस हवाय गं. तू कुठल्या दिवशी झालीस ते मला माहीत नाही. हे कुठल्या आईला माहीत नसतं?” खलबत्ता तिच्या मांडीवर होता आणि ती रिकाम्या खलाकडे बघून बोलत होती. “सूतिकाघराच्या खिडक्यांना काळं कापड होतं. बाळ रडलं, मी ऐकलं, आणि त्यांनी नेलं. चाळीस दिवस फक्त पाजायला आणायच्या, अंधारात. तुझा चेहरा मी हातांनी बघितला. नाक, भुवया. मी मोजायचा प्रयत्न केला, तू झाल्यापासून किती दिवस झाले. सतरापर्यंत मोजले. मग सुईणीला कळलं. तिने मला गुडघ्यावर बसवून सतराचे सतरा दिवस माझ्याकडून परत मागून घेतले. ‘पहिला दिवस परत करते, दुसरा दिवस परत करते...’ मी सगळे दिले, पानांबी. त्या वहीत माझे दिवस आहेत. मला ते परत हवेत, म्हणून वाटतं, जावं.”

मावशी रडायला लागली. दोन वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आज्जीने तोंडावर हात धरला होता, पिठाचा.

पानांबी आईपुढे जमिनीवर बसली. झगा चुरगळला, मावशीने चुरगळू दिला. पुढच्या प्रश्नावर कुणी पैज लावली नव्हती. तो तिचा तिलाच सुचला.

“आई, तुला दिसत नव्हतं. पण ऐकू काय येत होतं?”

“कधी?”

“मी झाले तेव्हा.”

“बाया गात होत्या. मोठमोठ्याने. मी ओरडत होते म्हणून असेल...” आई थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. “नाही. माझ्यासाठी नव्हत्या गात. बाहेर काहीतरी होतं. धडाम धडाम. लांब. सुईण म्हणाली, ‘जोरात गा गं, जगाचा आवाज आत येतोय.’”

“फटाके?” आज्जी उभी राहिली.

“सगळीकडून एकदम. गावातूनही, नदीच्या पलीकडूनही. बराच वेळ. आणि त्याच्यातच तू झालीस.”

“एकदम, म्हणजे मध्यरात्री,” आज्जी म्हणाली. “निमिया, वास कसला येत होता? आठव, बाळा. सावकाश आठव.”

आईने डोळे मिटले. पापा भट्टीपासून दोन पावलं पुढे आले होते.

“रानमाडाचा मोहोर,” आई म्हणाली. “खिडकीबाहेर रानमाड होता ना. सगळ्या खोलीत घमघमाट. मला वाटलं, मी घरी आहे. तू येशूच्या गव्हाणीवर टांगायचीस ना गं आई, तसा मोहोर. मला वाटलं, तू इथेच कुठेतरी आहेस.”

आज्जी एवढी रडताना पानांबीने कधी पाहिली नव्हती. रडता रडताच ती बोलत होती, “नाताळ. नाहीतर वर्षाची शेवटची रात्र. दुसऱ्या कुठल्या मध्यरात्री नदीच्या दोन्ही काठांना एकदम बार उडतात? मी दर नाताळला तुझं ताट मांडून ठेवायचे, निमिया. मी इथे ताटाशी बसलेले, आणि तू तिकडे...”

“चोवीस की एकतीस?” मावशीने नाक पुसत विचारलं. ती शिंपीण होती, तिला माप पक्कं लागतं.

“माहीत नाही,” आई म्हणाली. आणि मग ती हसली. ओल्या चेहऱ्याने, दात दिसतील इतकं हसली. “पण त्या दोनांतलीच एक रात्र आहे! मी तिथे होते! मला आठवतंय!”

“वहीत पक्की तारीख आहे,” पापा म्हणाले. ते वाईट हेतूने म्हणाले नव्हते. त्यांना पक्क्याचीच सवय होती. “अंदाज कशाला? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. निमिया, आत्ताच म्हणालीस ना, तुला दिवस परत हवेत.”

 शिंग भरताना आईचा हात थांबला, आणि पानांबीला दिसलं, की ती अजूनही दोन्हीकडे ओढली जातेय. आणखी थोडा वेळ गेला तर आज्जी पुन्हा शिक्क्याचं बोलेल, मावशी पुन्हा भांडेल, चिपा भाजून होईल, आणि हे सगळे मिळून आपलं काय करायचं ते ठरवतील. प्रेमानेच ठरवतील. कळपातही सगळे प्रेमानेच ठरवायचे.

ती उठली. झग्याला माती लागली होती. तिने पत्र भट्टीत टाकलं नाही, फाडलंही नाही. घडी घालून पापांच्या हातात परत दिलं.

“हे तुमचं आहे, पापा. तुमच्या भावाने तुम्हाला दिलंय.”

“पानांबी...”

“आधी ऐका. आई, तूही ऐक. मी ठरवलंय.”  आवाज बाहेर आला तो मोठा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. “उद्या सकाळी मी गावातल्या न्यायाधीशबाईंकडे जाणार आहे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्यात, आईने शपथेवर सांगितलं आणि दोन साक्षीदार असले तर न्यायाधीशबाई तारीख ठरवून देऊ शकतात. आजवर शपथेवर सांगण्यासारखं काही नव्हतं, आता आहे. आई, तू त्यांना आत्ता सांगितलंस तेच सांग. फटाके, मोहोर, बायांचं गाणं. सतरा दिवसांचंही सांग. चोवीस म्हणाल्या तर चोवीस, एकतीस म्हणाल्या तर एकतीस. आठवडाभर इकडेतिकडे झालं तर मी काही बिघडणार नाही. पण तू तिथे होतीस, हे कागदावर येईल. ते त्या वहीत नाहीये. त्या वहीत फक्त तारीख आहे.”

आईने शिंग खाली ठेवलं. मान हलवली. एकदा, मग पुन्हा, जोरात.

“आणि पापा, तुम्ही आलात तर वडील म्हणून तुमचं नाव लागेल. तुम्ही यावं असं मला फार वाटतं. नाही आलात तर नोंद आईच्या एकटीच्या नावाने होईल. तुम्हाला इसाबेलिनो काकांना भेटायला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही, कुणी अडवणार नाही, तुम्हाला कुणाला विचारायचीही गरज नाही.” तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. “पण मी येणार नाही. तीन दिवस नाही, एक दिवस नाही. तारखेसाठी नाही. आणि तुमच्यासाठीही नाही, पापा.”